कंटेनरमध्ये शिरलेला अज्ञात इसम

जबाब देणार: ताई, वय ४४, धंदा दवाखान्यांसाठी संगणकाचे प्रोग्राम चालवणे, धाकट्या भावासह भागीदारीत, राहणार कार्यालयाच्याच वरच्या मजल्यावर.

मी समक्ष हजर राहून सांगते की, डायलिसिस केंद्रातल्या रुग्णांच्या पाळ्या लावणारा प्रोग्राम आम्ही भावंडं चालवतो. तो दूरच्या भाड्याच्या संगणकांवर एका कंटेनरमध्ये, म्हणजे बंद कप्प्यात चालतो. आत जाऊन दुरुस्ती करायला भावाने 'कडी' नावाचं साधन बनवलं आहे. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली की कप्प्यात शेल, म्हणजे संगणकाला हुकूम द्यायची जागा, उघडतं आणि आतल्या फायलींना हात लावता येतो. आत गेलेला प्रत्येक जण तिथे 'रूट' याच नावाने दिसतो. म्हणून आमच्याकडे पद्धत अशी, की जाणाऱ्याने मोठ्याने "आत जातोय" म्हणायचं आणि दुसऱ्याने "हं" म्हणायचं.

गेल्या महिन्यापासून ही पद्धत बंद आहे. भावाने दुसरीकडे नोकरी धरल्याचं मला ईमेलने कळवलं. तो मागच्या खोलीत बसतो, मी पुढच्या. मध्ये एक भिंत आहे. अंमलदारांनी अबोल्याचं कारण विचारलं. ते वरीलप्रमाणे.

आज सकाळी प्रोग्राम अडकला. केंद्रातल्या सिस्टरांचा फोन आला, की माणसं खुर्च्यांवर बसली आहेत, पण पाळ्या दिसत नाहीत; तोवर तोंडी नावं पुकारतो, दुपारच्या आत काहीतरी करा. मी कडी वापरून आत गेले. आत आधीच कोणीतरी होतं. मी त्याला बाहेर काढलं. तो परत आला आणि त्याने मला बाहेर काढलं. असं बराच वेळ चाललं. भिंतीपलीकडे भावाचा कीबोर्ड वाजत होता. तो नव्या नोकरीचं काही करत असेल असं वाटून मी हाक मारली नाही. मला राग आला होता आणि रडूही आलं होतं.

म्हणून मी अज्ञात इसमाविरुद्ध तक्रार द्यायला आले. अंमलदारांनी विचारलं, "चोराने नेलं काय?"

"काहीच नाही. उलट प्रत्येक फाइलला हात लावायच्या आधी तिची प्रत बाजूला ठेवली. नावापुढे 'जपून' असं लिहून."

"हा कसला हो चोर? चांगल्या घरचा दिसतोय."

प्रत ठेवून पुढे 'जपून' लिहायला मी आयुष्यात एकाच माणसाला शिकवलं आहे. रागाच्या भरात ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. अंमलदारांनी पाणी दिलं.

तेवढ्यात भाऊ आला. घरात त्याला सोन्या म्हणतात. वय अडतीस, डोक्यावर केस नाहीत. त्यालाही अज्ञात इसमाविरुद्धच तक्रार द्यायची होती. "इसम भारी हट्टी आहे हो साहेब," असं दारातूनच म्हणाला आणि मग त्याने मला पाहिलं.

"ताई, ती तू होतीस?"

"मग कोण? एवढं हाकलत होते तरी परत परत कशाला येत होतास?"

"लोक बसलेत ना तिकडे खुर्च्यांवर."

आम्ही ठाण्यातल्या बाकावरच लॅपटॉप उघडला. भाऊ पडद्याकडे बघत म्हणाला, "आत जातोय." मी "हं" म्हटलं. दोघांनी केलेली दुरुस्ती एकमेकांनीच खोडली होती. त्या प्रतींवरून ती परत जुळवली. सिस्टरांनी फोन करून पाळ्या दिसू लागल्याचं कळवलं.

भावाने त्या नोकरीवर जायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही. भाऊ म्हणतो, घरी जाऊन बोलू, आणि तोंडाने बोलू. आम्ही दोन गाड्यांनी आलो, जाताना एकीनेच जाणार आहोत. माझी कोणाविरुद्ध तक्रार राहिलेली नाही.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, मी सांगितला तसाच तो उतरला आहे. फक्त 'अज्ञात इसम' लिहिलं होतं तिथे 'भाऊ' लिहा, असं मी सुचवलं. अंमलदार खोडायला लागले तेव्हा भाऊ म्हणाला, "साहेब, जुनं खोडू नका. बाजूला राहू द्या, जपून." तसं ठेवलं आणि मी सही केली.