‘मेह’च्या पुढची अक्षरं

—तोंडानंच सांगायला पाहिजे का, उस्ता? कागद आणलाय की मी, खिशात आहे... बरं, बरं. तुझा नियम आहे, मान्य. घरच्या माणसानं तोंडानं नाव घ्यायचं, तू ऐकायचंस, मग मशीन लावायचं. मागे कधीतरी कुणाचं चुकीचं कोरलं गेलं असेल आणि शिव्या तुला बसल्या असतील. मग माझ्या मुलाचं कसं चाललं? रवशनचं? —फोनवर सांगितलं? ताश्कंदहून? हां, फोनवरचं का होईना, तोंड ते तोंड. पण आता मी आलोय. मी तिचा नवरा. कोकंदच्या पहिल्या बसनं आलोय, उभ्यानं आलोय, आणि मी म्हणतो की थांब. कुठवर आलायस? सरक जरा, चष्मा लावू दे... हां. ‘मेह’. एवढंच झालंय ना? पुढचं नुसतं खडूनं आखलेलं आहे, ते पुसता येतं. ते ओलं फडकं घे आणि पूस. पूस म्हणतो ना. मी पुसू? —असं. आता बरा दिसतोय दगड. काळा आहे, चांगला आहे. रवशननं दगडात कंजुषी केली नाही, तेवढं त्याचं खरं.

मेहरिनिसा! हे नाव मी घेऊ शकतो बघ. तू म्हणशील तितक्या वेळा घेईन, मेहरिनिसा, मेहरिनिसा, जीभ अडखळत नाही, कारण कोण आहे ही बाई? माझ्या चुलीपुढे कधी बसली नाही, माझी पोरं तिनं जन्माला घातली नाहीत. मी ओळखत नाही तिला. तिच्यासाठी दगड पाहिजे तर दुसरा आण आणि दुसऱ्या कुणाच्या बायकोवर उभा कर. —नाही, मुलगा वाईट नाही माझा. लांब राहतो, साहेबांत बसतो. म्हणतो, ‘दादा, उद्या सोयरे येतील, नातवंडांच्या सासरचे येतील, कबरीपाशी दुव्याला हात उचलतील, दगडावरचं वाचतील आणि हसतील. ते बाईचं नाव आहे का? ते शेताचं नाव आहे. मेहरिनिसा लिहू, सुरुवात सारखीच आहे, अम्माला चालेल.’ अम्माला चालेल! तिला विचारायला गेला होतास का रे, म्हटलं. पण ऑर्डर देऊन मोकळा झाला तुझ्याकडे. —चहा? ओत. आणि ही नान घे, सुनेनं पहाटे भाजलीय, तीळ लावलेत वरून. मोड तू.

शब्द तुला ठाऊक आहे. ‘मेह’नं सुरू होणारं शेत म्हटल्यावर आत्ता तूच म्हणालास. तू म्हणू शकतोस, तुझी बायको नाही ती. जो राबतो, पाठ मोडेपर्यंत राबतो आणि आपल्या घामाचं खातो, त्याला म्हणतात तसं. सोव्हिएत काळात तो शब्द सगळीकडे होता. आमच्या शेताला, गावभरच्या सामुदायिक शेताला, तेच नाव, फाटकावर लाल अक्षरांत, कालव्याच्या पलीकडून वाचता यावं एवढं. मग थांब्याला तेच, चहाखान्याला तेच, फुटबॉलच्या संघाला तेच. कोकंदच्या कारखान्यातली बिस्किटं यायची, पुड्यावर तेच. लेकरू रडलं तर त्याच्या हातात तेच. आणि तिला ते नाव कसं लागलं सांगू? तिच्या आईच्या पोटात दुखायला लागलं ते कापसाच्या ओळीत, ऐन वेचणीत, आणि ती तिथंच झाली, गाठोड्यांच्या आडोशाला. बाप दुसऱ्या दिवशी कचेरीत गेला नोंद करायला. रात्रभर जागा, अंगावर कापसाचे तंतू तसेच. कारकुनानं विचारलं, नाव? याला वाटलं, कुठल्या शेतावरचा ते विचारतोय. यानं शेताचं नाव सांगितलं. कारकुनानं मुलीच्या नावापुढे लिहून टाकलं, शिक्का मारला, पुढचा! हसतोस काय... हस, हस. तीही हसायची सांगताना. बाप बदलून आणायला निघाला होता, तर तिची आजी म्हणाली, राहू दे, शिक्क्याचं नाव आहे, पक्कं असतं.

लग्न झालं तेव्हा मी बावीस वर्षांचा. आता आपल्यात बायकोचं नाव कोण घेतो? तू घेतोस? —बघ, तूही नाही. माझा बाप आईला ‘अगं’ म्हणायचा, चाळीस वर्षं. मीही अगं म्हणालो, मग रवशन झाला, मग रवशनची आई. बाहेरच्या माणसापुढे ‘घरची मंडळी’, ‘आमच्याकडे’. सगळे तेच म्हणतात. पण माझी पंचाईत वेगळी होती ना, उस्ता. दुसऱ्याच्या बायकोचं नाव घरात राहतं. माझ्या बायकोचं नाव भोंग्यावर! सकाळी भोंगा ओरडायचा, अमुकतमुक शेत या आठवड्यात मागे पडलं, आणि चहाखान्यातून कोणीतरी, ‘अरे एर्गश, तुझी बायको मागे पडली!’ संघ हरला की, ‘एर्गश, घरी तीन गोल झाले म्हणे!’ मी थांब्याचंही नाव घेणं सोडलं. कुठं उतरायचं विचारलं तर म्हणायचो, पुलाच्या पुढं. शेताला म्हणायचो, आपलं शेत. पन्नास वर्षं तो शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही, ना माणसासाठी, ना बिस्किटासाठी. आणि ती? बसमध्ये कंडक्टर थांब्याचं नाव ओरडला की ही मागून मोठ्यानं, ‘आले, आले!’ अख्खी बस हसायची. मी खिडकीबाहेर बघत बसायचो, जसं काही ही बाई माझ्याबरोबर नाहीच.

नावाची लाज मला होती. तिला नव्हती. एवढंच सांगायला आलो होतो, खरं तर, आणि तू कोरायला घेतलं असतंस तर मी गेलोही असतो. पण तू तोंडानं सांगा म्हणतोस... ओत अजून थोडा.

मी काट्यावर होतो, कापसाच्या. वेचणीत बायका ओटी भरभरून आणायच्या, गाठोड्यात रिकामी करायच्या, आणि गाठोडं काट्याच्या आकड्याला. मी मोठ्यानं म्हणायचो, नाव आणि वजन, आणि शेजारी स्टुलावर कासिमजान वहीत लिहायचा. ‘सलोमत, पन्नास! अनोरा, सत्तेचाळीस!’ आवाज होता मला तेव्हा, ओळीच्या टोकापर्यंत जायचा. आणि आमच्या घरची बाई, उस्ता, दोन्ही हातांनी वेचायची, असं, जसं काही गाईची धार काढतेय, बोंडांच्या टोकांनी नखांची मुळं फाटलेली, तरी थांबायची नाही. त्या वर्षी तर तिला कसली हवा लागली होती कोण जाणे. शंभरच्या खाली यायचीच नाही. रोज. दंव वाळायच्या आधी शेतात. जिल्ह्यात तिच्यासारखं कोणी वेचत नव्हतं, हे बायकांना ठाऊक होतं, कासिमजानला ठाऊक होतं, काट्याला ठाऊक होतं. आणि तिचं गाठोडं लागलं की मी काय म्हणायचो? ‘एकशेबारा, आमच्याकडचं.’

आमच्याकडचं! कासिमजाननं काय लिहावं? आमचं म्हणजे शेताचं. वाटेवर सांडलेला, शाळेच्या पोरांनी वेचलेला, कुणाच्याच नावावर नसलेला कापूस ज्या रकान्यात जायचा, त्यात तिचा जाऊ लागला. मला माहीत नव्हतं हे... नाही. दगडासमोर खोटं कशाला बोलू. चौथ्या दिवशी कासिमजाननं विचारलं होतं, पेन्सिल वर धरून, ‘एर्गश, हे कुणाच्या नावावर घालू?’ आजूबाजूला चार माणसं. त्यातला एक म्हणाला, ‘घे की नाव, शेताचंच तर नाव आहे, तोंड विटाळायचं नाही!’ आणि सगळे हसले. आणि मी म्हणालो, ‘सांगितलं ना, आमच्याकडचं. पुढची!’ ती समोर उभी होती. ओटी झटकत होती. वर बघितलं नाही तिनं. झटकून झाली आणि परत ओळीत गेली.

वेचणी संपली. पलीकडच्या शेतावरच्या एका बाईला पदक मिळालं, तिचा फोटो, तिचा सत्कार. चांगली बाई होती, तिच्याबद्दल काही नाही, पण आमच्या घरच्यापेक्षा कमी वेचलं होतं तिनं, हे मी सांगतो, काट्यावरचा माणूस. आणि आमच्या शेताचं वजन एकदम वर गेलेलं. पेपरात मथळा, अमुक शेतानं कमाल केली, खाली चेअरमनचा फोटो, छातीला बिल्ला. संध्याकाळी ती तो पेपर घेऊन घरी आली, पिठाचे हात पुसले आणि माझ्यापुढे धरला. ‘बघा, माझं नाव छापून आलंय.’ मी म्हटलं, ‘ते शेताचं आहे.’ तर म्हणते, ‘शेत कधी वाकलं होतं का कापूस वेचायला?’

बस्, एवढंच. भांडली नाही, पुन्हा विषय नाही. मी पण म्हटलं, विसरली असेल. माणसाला जे सोयीचं असतं तेच वाटतं.

—वाजू दे तो फोन. रवशनच असणार. वाजू दे! सुनेनं सांगितलं असेल, दादा घरात नाहीत म्हणून. चाळीस वर्षांपूर्वी मी एका हसण्याला घाबरलो, तो आता होऊ घातलेल्या व्याह्यांच्या हसण्याला घाबरतोय. माझंच पोर आहे, नाक माझं, भीती माझी. पण तिचं नाव त्याला बदलू देणार नाही. मी एकदा वहीतून घालवलं, तेवढं पुरे.

ती गेली तेव्हा मय्यत धुणाऱ्या बायकांनी कफनाचं कापड मागितलं. तिनं स्वतःच घेऊन ठेवलं होतं, पांढरं, तिच्या माहेरच्या पेटीत. मी ती पेटी उघडली. पन्नास वर्षं बाहेरून बघितली होती, फुलाफुलांचा पत्रा आहे वरून, पण झाकण उचलून आत कधी बघितलं नव्हतं, बायकांची पेटी, आपण कशाला बघतो? तर झाकणाच्या आतल्या बाजूला, उस्ता... बिस्किटाच्या पुड्याचा तुकडा. बसचं तिकीट. काडेपेटीचा कागद. बियाण्याच्या पोत्यावरचा शिक्का. सगळे खळीनं चिकटवलेले, ओळीत, एकही वाकडा नाही. आणि मध्यभागी पेपरातला तो मथळा, पण मथळा नाही, त्यातला एकच शब्द, कात्रीनं कडेकडेनं कापलेला. कमाल नाही, शेत नाही, चेअरमनचा फोटो नाही. तेवढंच. जगात जिथे जिथे तिचं नाव होतं तिथून तिनं ते गोळा केलं होतं, कारण ज्याच्या तोंडून ऐकायचं तो म्हणत नव्हता. बाहेर बायका कापड मागत होत्या आणि मी तिथं गुडघ्यावर बसून होतो, पोरांना वाटलं, दादाला चक्कर आली.

हा घे कागद. तोच आहे तो, मथळ्यातला. गरम पाण्यात फडकं बुडवून, हळू हळू सोडवला, अर्धा दिवस गेला. जपून धर. —हो, पुढची अक्षरं सोलली गेली, थोडी झाकणावरच राहिली, म्हणून तर ‘मेह’ एवढंच दिसतंय. मला काय ठाऊक तूही नेमका तिथंच थांबला असशील. हसू नकोस, मी देवाची करणी वगैरे म्हणणार नाही, मशीन बंद करायला मी लावलं. पण अक्षरं अशी पाहिजेत, अशी जाड, छापील, लांबून वाचता यावीत अशी. फुलापानांची नकोत.

आणि दुसरं सांगतो, मुल्लालाही सांगितलंय. ते शेत आता नाही. तुकडे झाले. फाटक भंगारात गेलं, थांब्याचं नाव बदललं, आता काहीतरी बागेचं, फुलाचं आहे. बिस्किटाचा कारखाना बंद. त्या शब्दाचं कुणी उरलं नव्हतं, एक ती उरली होती. आणि कयामतीच्या दिवशी अल्ला सगळ्यांना उठवील, एकेकाला नावानं हाक मारील, तेव्हा काय? मेहरिनिसा! म्हणून हाक येईल आणि ही पडून राहील गप, म्हणेल दुसऱ्या कुणाला तरी बोलावतायत. मी तिला ओळखतो. स्वतःच्या नावाला मात्र ती लगेच ओ देते, भर बसमध्ये देते. मुल्लानं ऐकलं आणि दाढी खाजवली.

—तरी तोंडानं सांगायचंच? तुझा नियम तो नियम. चांगला आहेस तू, उस्ता, कासिमजान तुझ्याइतका हट्टी असता तर... बरं. असं कर, मशीन चालू कर. चालू कर तू, आवाज होऊ दे, मी त्या आवाजात सांगतो, मला सोपं जाईल. —हां. आता ऐक, हां? मे... मेहन... —काय? ऐकू आलं नाही? अरे मी सांगितलं! काय? —मग बंद कर ते! बंद कर!

मेहनतकश.

मेहनतकश! —आता आलं ऐकू? तिकडे फुलं विकणाऱ्या बायका वळून बघतायत? बघू देत. मेहनतकश, एकशेबारा! लिही. ‘न’ कोर आधी. आणि माझ्या तोंडाकडे बघू नकोस आता, दगडाकडे बघ.