पुढून आत, मागून बाहेर

आता दारातल्या चपला बघून आठवलं म्हणून सांगते. निजामाचं राज्य गेल्यावर जिंतुरात मोठं सभागृह बांधायचं ठरलं. शेजारचा वसंता त्याचा इंजिनियर, त्याचं पहिलंच काम. मला राहवतंय होय? चुलीवर भाकरी टाकून मी त्याच्या नकाशात डोकावले.

"लोक पुढून आत, मागून बाहेर. चेंगराचेंगरी न्हाई, काकू!"

"आन् चपला रे?"

"तुमी भाकरी बघा, करपायलीय!"

उद्घाटनाला आत सतरंज्या हातरलेल्या, म्हणून समद्यांनी पुढच्या दारात चपला काढल्या आन् मागच्या दारानं भर उन्हात अनवाणी बाहेर पडले. पाहुणेसुद्धा उड्या मारायलेत! भाजलेल्या पायानं वसंता थेट माझ्या ओसरीवर.

"हसू नका, काकू."

हसले न्हाई. पायावर पाणी ओतलं.

पुढं लय इमारती बांधल्या त्यानं. पण दर नकाशा आधी माझ्या चुलीपाशी यायचा.

"काकू, बघा. चपलांचं जमलं का?"