तीन महिन्यांची उसण

अंबडच्या दवाखान्यात राजानंद गुरुजी पुस्तक उघडून बसले होते. पान काही उलटत नव्हते. मागच्या बाकावर मेंढपाळ बिरू आणि त्याची बायको आसराबाई कुजबुजत होते.

"छातीच्या फोटोत गाठ दिसली. क्यान्सर बी असू शकतो, म्हनले फोटोवाले डाक्टर."

"असू शकतो म्हनले. हायेच, असं न्हाई म्हनले."

"तीन महिने पाठ दुखून राह्यली तुमची, आन् मी उसण समजून लाथा मारीत बसले."

"तू पायाळू, पायाकडून जल्मलेली. साऱ्या गावाची उसण तुझ्या लाथेनं निघती. मंग घरचं सोडून मी कुठं जाऊ?"

"हसू नका. छाती दुखाया लागली तवाच आणायचं व्हतं. मलाच गर्व माझ्या पायाचा."

"मीच म्हनत व्हतो ना, अजून एक मार."

"आता आतले डाक्टर इचारतील, इतके दिवस काय केलं?"

"मेंढरं घेऊन लांब गेल्तो म्हनीन."

"बिलकुल न्हाई! खरं सांगा. मी भाईरच बसते."

"बिरू कोण? आत या," नर्सने हाक मारली.

"ऊठ, तू बी चल."

"मी कशाला? शिव्या खायला?"

"नेमकं कुठं दुखतं, मला दावता येत न्हाई. तुझ्या पायाला बराबर ठावं हाये."