सूक्ष्मदर्शकातला काळा ठिपका

चष्म्याची काडी बसवून घ्यायला मी दुकानात थांबलो होतो. माझ्या पुढे विज्ञानाच्या एक बाई शाळेचा सूक्ष्मदर्शक तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांत धरून उभ्या होत्या.

"काय बिघडलंय, बाई?" दुकानदारानं विचारलं.

"बिघडलं काही नाही हो. फोकसचं चाक जड फिरतंय, तेवढं बघा."

"बघतो. हा काळा ठिपका कधीपासूनचा?"

"ठिपका काय म्हणता? केंद्रक आहे ते, कांद्याच्या पेशीचं."

"बाई, खाली स्लाइड लावलेलीच नाही."

"मग मला दिसतंय काय?"

"आता डोळ्याजवळचं भिंग फिरवतो, बघत राहा."

"अगबाई! केंद्रक फिरतंय!"

"भिंगावरची घाण आहे ती. पुसता कशानं?"

"फळ्याच्या डस्टरनं. पण आधी चांगला झटकून घेते हं!"

"धन्य आहे."

"अहो, पंधरा वर्षं मुलं हेच केंद्रक काढताहेत. एकीनं तेवढं काढलं नव्हतं. म्हणाली, बाई, स्लाइड सरकवली तरी हे जागचं हलत नाही. मी तिला वर्गाबाहेर उभं केलं."

"जाऊ द्या. ती कशाला लक्षात ठेवतेय!"

"सोमवारी प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक येतेय ना, ती तीच."

"मग लख्ख पुसूनच देतो."

"पुसा. नाही, थांबा! साठ मुलांच्या वह्यांत ठिपका आहे!"

"एक काय ते सांगा, बाई. पुसू की राहू देऊ?"

"पुसा. आणि इथे जवळपास खोडरबर कुठे मिळतील हो? साठ हवेत."