कुसुमचा वाटा

आमची कुसुम आता कोणाला बोलू देत नाही, पण तीन वर्षांची होईतो ती नुसती नावं घ्यायची. मासा, होडी, आजी. ये, जा, दे असं काही नाही. सासूबाई म्हणायच्या, "पोर अर्धी मुकी हाय."

एकदा किहीमच्या किनाऱ्यावर सगळा गाव जाळं ओढत होता. माणसं दमून थांबली, तसं भरलेलं जाळं मागे सरकायला लागलं. तेवढ्यात कुसुम ओरडली, "ओढा, ओढा!" माणसं हसली, पुन्हा जोर लावला आणि जाळं वर आलं.

वाटे घालताना नावेचा तांडेल म्हणाला, "दोराला हात लावील त्यालाच वाटा. पोरीनं न्हाय लावला."

मी दुकानात म्हणते तसं कुसुमनं हात पसरून सांगितलं, "द्या."

तांडेलानं मोठं पापलेट तिच्या हातांवर ठेवलं आणि सासूबाईंना विचारलं, "अर्धी मुकी व्हय? ही गाव चालवील."