सासऱ्यांचा नळ आणि माझा नंबर

...आणि वर मलाच म्हणायचे, जावईबापू, वाईट वाटून घेऊ नका! आता तुम्हीच सांगा, मी धंद्यानं प्लंबर, सख्खा जावई, हाकेच्या अंतरावर राहतो, आणि सासऱ्यांच्या मोरीतला नळ दुरुस्त करायचा कोण? तर पलीकडच्या गल्लीतला टकल्या! का? तर त्याचा फोन नंबर मूळ संख्या आहे!

तुम्हाला सांगतो, आमचे सासरे गणिताचे मास्तर. मास्तर रिटायर झाले, गणित कुठलं व्हायला! फोनमध्ये नंबर साठवत नाहीत, पाठ करतात. आणि पाठ कुठले? ज्यांना एक आणि स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही, तेवढेच. माझा? तीनानं भाग जातो! लग्नाच्या बोलणीतच नाक मुरडलं होतं, "मुलगा कष्टाळू आहे हो, पण... तीनानं भाग जातो." गिऱ्हाइकं हसायला लागली, घरचा नळ ज्याला मिळत नाही तो आमचा काय दुरुस्त करणार! बायको म्हणते, नंबर बदला. म्हटलं, सगळा धंदा या नंबरावर, त्यापेक्षा तू वडील बदल!

आणि एक दिवस फोन गेला ना टाकीत! कार्डासकट! दुकानदारानं हाताला येईल तो नवा नंबर दिला, आमच्याकडचे नंबर आठच आकडी. सात तीन नऊ तीन नऊ एक तीन तीन. बायकोनं बापाला सांगितला मात्र, यांनी पेन्सिल उचलली. बेरीज अडतीस. तीनानं भाग जातो? नाही जात! सातानं? नाही. अकरा, तेरा, सतरा... सासूबाई ताट वाढून बसल्यात, आमटी निवली, पेन्सिल झिजली, आणि मी दाराशी उभा, शाळेच्या निकालाला झाली नव्हती एवढी धडधड!

"मूळ आहे," म्हणाले. मग शेवटच्या तिनावर अंगठा ठेवला आणि पुन्हा भागाकार! तोही मूळ. आणखी एक आकडा झाकला... तोही! झाकत झाकत एकटा सात उरला, तोसुद्धा मूळ! म्हाताऱ्याचे डोळे भरून आले हो. म्हणाले, "जावईबापू, शेपूट कितीही कापा, हा मोडत नाही. असा याच्याहून मोठा नंबरच नाही. फक्त शेवटी काही जोडू नका. कुठलाही आकडा जोडलात, की भाग गेलाच."

दुसऱ्या सकाळी माझा फोन वाजला. सासऱ्यांचा. पहिल्यांदा! "नळ गळतोय, या." मी पान्यांची पिशवी घेतली आणि मुद्दाम वळसा घालून, टकल्याच्या दुकानावरून, छाती काढून गेलो!

आता कसलं तीनानं भाग जातो! आता थेंब पडला की मलाच बोलावणं, मोरी माझी, गच्ची माझी, बंब माझा...

आणि काल फोन कंपनीचा निरोप आला. नंबर कमी पडतायत म्हणे, सगळ्यांच्या शेवटी एक आकडा वाढणार. कुठला, ते अजून ठरलेलं नाही... ठरून तरी काय उपयोग! तोवर मी सासऱ्यांच्या घरातले सगळे नळ बदलून घेतोय.