डाव्या पंखाची पिसं

आबा : मग ह्या बाणांची पिसं अजून कोरी कशी, ते सांग आधी.

समीक्षा : जपून वापरते, आबा.

आबा : फळीत घुसणारा बाण, अन् जपून? महिनाभर तळेगावच्या मैदानात तुजं ते आडवं धनुष्य, क्रॉसबो, चालवतीस. पिसाचा एक केस मोडला न्हाई. माजा टाळ बी एवढा जपून वाजत न्हाई.

समीक्षा : चहा टाकू का?

आबा : च्या मागनं. उद्या लोणावळ्यात निवड. नात राज्याच्या संघात जाणार, आपल्या राजहंसाची पिसं लावलेला बाण सुटणार, अन् मी ते बघाया जाणार, असं अख्ख्या बेडसे गावात सांगून बसलोय. परवा बुवांनी कीर्तनात बी घेतलं. समदे टाळकरी माज्याकडं बघत व्हते.

समीक्षा : बुवांना कुणी सांगितलं?

आबा : मीच. दुसरं कोण सांगणार?

समीक्षा : आबा, रागावू नका. ते बाण मी एकाच दिवशी मारले. नंतरचा सगळा सराव पिसांऐवजी प्लास्टिकची पाती लावलेल्या बाणांवर केला. उद्या तेच नेणार आहे.

आबा : प्लास्टिक.

समीक्षा : हो.

आबा : रामानं बाणाला प्लास्टिक लावलं असतं मंजी…

समीक्षा : रामाला श्रावणात लोणावळ्यात निवडीला उभं राहायचं नव्हतं. त्या धुक्यात पीस भिजतं, चिकटून बसतं. प्लास्टिकवरचं पाणी झटकलं की झालं.

आबा : अन् तळेगावला मारलेस त्या दिवशी बी धुकं व्हतं?

समीक्षा : त्या दिवशी… ऊन होतं.

आबा : बोल की. मी माळकरी माणूस. रागावलो तरी शिवी न्हाई देणार.

समीक्षा : डुलतात ते बाण. पहिला फळीच्या कडेला लागला. दुसरा फळी सोडून मागं गेला, सरांनी वाळत घातलेल्या रेनकोटात.

आबा : आरपार?

समीक्षा : बाहीत. सर आता हसतात, तेव्हा नव्हते हसले.

आबा : पिसं वाईट असायची न्हाईत, बाय. एक बी उपटलेलं न्हाई. गळलेली, रोज सकाळी वाकून येचलेली. त्या हंसाला वाटतंय, म्हातारा माज्या पाया पडतोय.

समीक्षा : पिसं छानच आहेत. पण हे बघा. हे इकडं वाकलंय, ही दोन तिकडं. हे डाव्या पंखाचं, ही उजव्या. एका बाणाला तिन्ही एकाच पंखाची लागतात. नाहीतर वारा एकाला इकडं ढकलतो, दुसऱ्याला तिकडं.

आबा : मंजी पावली खेळताना समद्या टाळकऱ्यांनी उजवा पाय टाकला, अन् नथूनं डावा.

समीक्षा : मग काय होतं?

आबा : गेल्या सप्त्यात झालं की. नथू धोंडिबाच्या अंगावर, धोंडिबा पखवाजावर. अभंग तेवढा उभा राहिला.

समीक्षा : तसंच झालं बघा.

आबा : मग महिनाभर बोलली का न्हाईस?

समीक्षा : तुम्ही रोज संध्याकाळी इथं बसून गुणगुणत पिसं चिकटवायचात. कसं बोलणार?

आबा : हंस दूध अन् पाणी येगळं करतो म्हणं. कीर्तनात लय येळा ऐकलं, मान बी डोलावली. अन् मला त्याच्याच पंखाचं डावं-उजवं येगळं करता आलं न्हाई.

समीक्षा : आता करू. पिसांची पिशवी आणा. डावी ह्या डब्यात, उजवी त्या डब्यात.

आबा : अन् उद्या?

समीक्षा : उद्या प्लास्टिकच, आबा.

आबा : मग मी कशाला येऊ? गावाला काय सांगू, प्लास्टिक बघाया चाललो?

(समीक्षा दोन्ही डबे पुढ्यात ठेवते. दोघं ओसरीवर बसून पिसं निवडू लागतात.)

समीक्षा : थंडीत हवा कोरडी झाली की प्लास्टिकपेक्षा पीसच बरं. सुटल्यावर बाण लगेच सावरतो. राज्याच्या स्पर्धा तेव्हाच असतात. संघात गेले, तर हीच लागतील.

आबा : तर?

समीक्षा : सरावात शेवटचे दोन चुकले काल. प्लास्टिकचे असून.

आबा : भ्याली व्हतीस?

समीक्षा : थोडी.

आबा : हं. हे डावं न्हवं का?

समीक्षा : डावंच. बरोबर.

आबा : अन् कामशेतवरनं सकाळची गाडी कवा हाय?

समीक्षा : तुम्ही येणार नव्हतात ना?

आबा : येडी. कीर्तनाला जातो ते काय माजाच टाळ ऐकाया व्हय?